यादीतून कमी

टेनेसीत, नदीकाठच्या कचेरीत
एकाच पाकिटातून दोन कागद आले.
ओपल टॅकेटनं चष्मा पुसला,
तरी दोन्हींवर शब्द एकच राहिला:
डीलिस्ट.

पहिला कागद बोटाएवढ्या माशाचा.
तो सावरला, खडीखडीतून पिल्लं झाली,
आता पहारा नको.
बरा झालेल्याच्या खाटेवरून तक्ता उतरवतात
तसं त्याचं नाव उतरवलं.

दुसरा शिंपल्याचा.
पिवळसर, पाठीवर गाठी असलेला.
शेवटचा पाहिला तो तिच्याच बापानं,
धरणाच्या आधीच्या उन्हाळ्यात,
जेवणाच्या सुट्टीत,
बुटाच्या टोकानं उलटा करून.

याचाही तक्ताच उतरवला.
खाट आधीपासून रिकामी होती.

तेवीस वर्षं ओपल या पाण्यात उतरतेय.
गढूळ पाणी, डोळ्यांचा उपयोग नाही,
तळाला पोट टेकून सरपटायचं
आणि बोटांनी विचारायचं:
दगड. दगड. बाटलीचं बूड. दगड.
दर हिवाळ्यात अहवाल: आढळला नाही.
हा 'नाही' तिच्या ओळखीचा होता,
त्यात पुढच्या उन्हाळ्याचं डिझेल मंजूर होत असे.

तिनं कचेरीतला शब्दकोश काढला,
पाठ निखळलेला.
डीलिस्ट: यादीतून काढणे.
काढून कुठे ठेवणे, ते दिलेलं नव्हतं.

वेस्ली प्रुएट, नवा पोरगा,
फायली छातीशी धरून उभा.
"दोन्ही 'बंद'च्या कप्प्यात ना?"
"हो," ती म्हणाली.
तो दारापर्यंत गेला.
"माशाची ठेव.
ती दुसरी इथे राहू दे,
कपाखाली."

रात्री तिनं बापाचा रविवारचा सदरा काढला.
तेव्हा गावात शिंपल्यांच्या गुंड्या पाडत,
उरलेली भोकाभोकांची टरफलं
रस्त्यावर मुरुमासारखी पसरत;
पावलांखाली करकर वाजे, कुणी मोजत नसे.
यादी तेव्हा नव्हती,
म्हणून नावही कमी झालं नाही कुणाचं.

यातल्या गुंड्या त्याच जातीच्या की दुसऱ्या,
आता कोण सांगणार?
तिनं दिवा मालवला.
गळ्यापासून खाली बोट नेलं,
नदीत नेते तसं, घाई न करता:

शिंपला. शिंपला. शिंपला.
प्लास्टिक.
शिंपला.