आर्द्रता : पन्नास टक्के

मस्कतला ऑक्टोबरात हवा पिळून वाळत घालता येते.
बाहेर ब्याऐंशी टक्के, नाट्यगृहात पन्नास.
एकाने जरी इकडेतिकडे झाले
की तळघरात माझा फोन वाजतो.
या मंडळींच्या वाद्यांना तात असते,
मेंढीच्या आतड्याची.
अजून भूक शिल्लक असल्यासारखी ती ओल खाते
आणि सूर सोडते.

आले तेरा जण.
माटेउशचं ते लांब मानेचं वाद्य,
त्याला विमानात वेगळं तिकीट लागतं,
खिडकीजवळचं.
मी रुवीत शुक्रवारच्या भजनाला पेटी धरतो,
म्हणून दाराशी थांबून ऐकलं.
त्यांचा ‘ला’ पेटीवर पांढरी सहाला सापडायला हवा,
तो लागतो काळी चारला.
तीनशे वर्षांत जग अर्धा सूर वर चढलं
आणि आम्हाला कुणी कळवलं नाही.

ऑपेराचे कागद कुठल्याशा मठात मिळाले,
मेणबत्त्यांच्या खोक्याला अस्तर म्हणून लावलेले.
गलबत फुटतं, राणी बुडते,
आणि नेमकी तिची शेवटची चीज गायब.
खर्जाखालचे चार आकडे तेवढे उरलेत.
नवीन रचून घाला, काहीजण म्हणाले.
ओडिल, त्यांची म्होरकी, म्हणाली,
जेवढ्या मात्रा गेल्या तेवढ्या गप्प बसू.

रंगीत तालमीला ते गप्प बसले
तेव्हा ऐकू आलं माझं यंत्र.
घूं.
बुडालेल्या राणीच्या जागी
मी गात होतो.

ती जिना उतरून आली, चपला हातात.
चार मिनिटं बंद होईल?
म्हटलं, तात सुटेल, पुढचा प्रवेश बेसूर जाईल.
ती बुडालीय, मिस्टर पेंढुरकर,
त्यानंतर सगळं जुळलेलं कसं असेल?

गुरुवारी, कॅमेऱ्यात तिचा हात वर गेला,
मी कळ खाली केली.
अकराशे माणसं.
कुणाच्या बांगड्या, कुणाचा गिळलेला खोकला.
काट्यावर एक्कावन्न. बावन्न.
त्रेपन्नला एक तात आपणहून कुरकुरली.
भाता सोडल्यावर पेटीची शेवटची पट्टी
जरा वेळ हवा शोधत राहते,
तसं काहीसं.

नोंदवहीत लिहिलंय :
८.४२ यंत्र बंद. ८.४६ चालू.
कारणाचा रकाना रिकामा आहे.
सुपरवायझर रविवारी सहीला येतो.