दुभाष्या

बिरिम नदीकाठचं कोर्ट. वर पत्रा.
पाऊस लागला की साक्ष ऐकू येत नसे,
साहेब हात वर करी, कामकाज थांबे.

याआ आम्पोमाने कंबरेची गाठ सोडली,
तुटका दोरा काढला, त्यात तीन कवड्या.
म्हणाली, मी सात वर्षांची. किंवा आठ.
दोन्ही घराण्यांनी एकेक पोर पुढे केलं.
आम्ही उकिडवे बसलो, टोकं धरली,
त्यांनी मधोमध दोरा तोडला,
जमीन विकली गेली.
पोरंच का? पोरं उशिरा मरतात, साहेब.

पेन्सिलीच्या टोकाने कवड्या सरकवल्या गेल्या.
तारीख?
याम खणत होते तेव्हा.
मी सांगितलं, ऑगस्ट.

मग विचारलं, माणूस मेला तर मळा कुणाचा?
ती बराच वेळ गप्प राहिली.
भाच्याचा, म्हणाली. पण पोराने बापाबरोबर
रान तोडलं असेल, तर बसून बोलतात.
बाप जिवंतपणी चार थेंब दारू मातीत ओतून
देऊनही टाकतो.
भाच्याचं पोट किती भरलंय, तेही बघतात.
एखादी मेंढी लागते. कधी दोन रात्री.

दुपार टळून गेली होती, मला भूक लागली होती.
मी म्हणालो: भाच्याचा. नेहमी.

"नेहमी" ती बोलली नव्हती.

आमची रीत म्हणजे पायवाट,
ओढा सरकला की तीही सरकायची.
त्या दिवशी वाट वहीत गेली.
काळ्या दगडावरची रेघ म्हणतात;
पांढऱ्या कागदावरची मी पाहिली आहे.

अकरा वर्षांनी झाडाखाली पंच बसले,
आमचेच, आमच्याच स्टुलांवर.
मेलेल्याचा पोरगा आसिएदू समोर उभा,
तळहात कोयत्याने घट्टे पडलेले.
सगळ्यांत म्हाताऱ्याने मला पुस्तक दिलं:
तुला वाचता येतं. सांग, आपली रीत काय?
मी पान काढलं. वाचलं.
कुणी मेंढीचं नाव घेतलं नाही.
आसिएदू मळ्यातून गेला तेव्हा
कोकोच्या शेंगा अर्ध्या पिवळ्या होत्या.

कवड्या कोर्टाच्या पेटीतच राहिल्या,
निशाणी चौदा, लाखेचा ठिपका.
आम्पोमा बाजारात भेटली की विचारायची,
माझा दोरा कधी देणार?
मी म्हणायचो, लवकरच.
हाही शब्द माझाच.