खाली जागा सोड

आप्पांनी रंगवलेल्या पाट्या
वडगावच्या बाजारात आता तीनच उरल्यात.
बाकी सगळं फ्लेक्स.
पडून राहिलेल्या शेडकार्डांच्या पाठीवर
मी एक मुलूख काढलाय:
दोन नद्या, एक डोंगररांग, अकरा शहरं,
आणि नाव कुणालाच नाही.

त्यापायी गोष्ट अडलीय.
घोडेस्वार आठवडाभर वेशीत उभा.
हे कुठलं गाव, असं त्याला विचारता येईना,
कारण उत्तर माझ्याकडंच नाही.
घोडा तरी काय खात असेल.

आधी मोठमोठी नावं केली.
ज्वालांगपूर. तमोदुर्ग.
मोठ्यानं वाचली, तर वाटलं
कुणीतरी उसना कोट घालून लग्नाला आलंय.
फाडली.

मग रात्री अंथरुणात माग ऐकत पडले.
गल्लीत दहापर्यंत खटखट,
धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं.
मोठ्या नदीला म्हटलं, तू धोटी.
डोंगराला त्याच्या दातांवरून फणी.
म्हाताऱ्या राणीला बाणाक्का.
ही नावं अंगाला बसली.

खानापूरच्या स्टँडवर
कन्नड पाटी मी अजून अक्षराला अक्षर जोडून वाचते.
क. ण. कुं.
आणि बस सुटते.
त्या अर्ध्याचं एक शहर झालं, कणकुं.
तिथली माणसं कुठलंच वाक्य पुरं

राजाचा मोजणीदार परमुलखातला.
बांधावरच्या बाईला विचारतो, ह्या गावाचं नाव?
ती म्हणते, गोत्तिल्ल. ठाऊक नाही.
तो लिहून घेतो: गोत्तिल्ल.
पुढच्या गावातही तेच. त्याच्या पुढच्यातही.
नकाशावर ओळीनं तीन गोत्तिल्ल,
आणि सारा मागायला शिपाई आला की
तिन्ही गावं एकमेकांकडं बोट दाखवतात.
शेजारच्या मागावरच्या चन्नव्वाला हे सांगितलं
तर तिच्या नाकातून चहा आला.

माणसांची नावं अवघड.
आमच्यातला कल्लाप्पा मराठी, समोरचे देसाई कन्नड,
आणि भांडण झालं की दोघं
एकमेकांच्या भाषेत शिव्या देतात,
समोरच्याला नीट लागाव्यात म्हणून.
तेव्हा माझ्या मुलखातही
नावावरून कोण कुठला ते कळत नाही.
वेशीवरचा पहारेकरी वैतागून
सगळ्यांनाच आत सोडतो.

रेशनकार्डावर मी सुगंदा आहे.
कारकुनाच्या घाईत ध चा द झाला,
मधला श्वास कुठंतरी सांडला.
दुरुस्तीला दोनदा गेले. तिसऱ्यांदा नाही.
तो श्वास मी फणीवरच्या पंखवाल्या जनावराला दिला.
त्याचं नाव धधाण.
ते नुसतं हाक ऐकून जाळ काढतं.

अकराव्या शहराला मात्र काही लागू होईना.
दोन नद्यांच्या मधलं ते,
दोन्ही राजांचा डोळा त्याच्यावर.
सतरा नावं खोडली.
आप्पा म्हणाले, कशाला गे डोकं खपवतीस?
चष्मा लावून कार्ड उजेडात धरलं.
नाव मागनं. आधी फळी किती रुंद ते सांग.
मी एक चौकोन काढला.
त्यांनी थरथरत्या हातानं त्यात
अंगठ्याएवढी पट्टी आखली, अगदी मधोमध.
एवढ्यातच लिही.
खाली जागा सोड.
वर पण सोड थोडी.
मी म्हटलं, खरं लिहू काय ते सांगा की.
त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली
आणि तंबाखूची डबी शोधायला लागले.

रात्री घोडेस्वाराला आत घेतला.
वेशीवर पाटी होती, पांढरा हात नुकताच मारलेली.
त्यानं वाकून पाहिलं,
हात लावला.
बोटाला रंग लागला.