वाऱ्याची नोंद

टोर्सहाव्नच्या इस्पितळात तिसऱ्या मजल्यावरची खिडकी
पूर्ण उघडत नाही. उघडली तर केसपेपर समुद्रात जातील.
या बेटांवर वारा विचारून येत नाही,
आणि माझी नोकरी विचारण्याची:
सकाळी सहाला, दुपारी दोनला, रात्री दहाला,
फॉर्म सात, रकाना तिसरा –
वारा सरला का?

आतड्याचा तुकडा काढून दोन टोकं शिवली
की आतडं मिटून बसतं,
गोगलगायीला बोट लागावं तसं.
दोन दिवस, कधी पाच.
कुणासाठी तरी आतडं तुटतं म्हणतात.
मी तुटलेलं पाहिलंय, शिवलेलंही,
त्यावर कुणाचं नाव नव्हतं.

अभ्यास साधा आहे.
निम्म्यांना च्युइंग गम, दिवसातून तीनदा.
निम्म्यांना काही नाही.
तोंड हललं की पोटाला वाटतं जेवण आलं,
असा अंदाज. अंदाजच,
म्हणून तर बंद लिफाफे.
मी फक्त फोडते.

हेर्गाइर, वय त्र्याहत्तर, गुदाशयाचा कर्करोग.
चौतीस वर्षं विमानतळावर वारा मोजत होता.
त्याच्या लिफाफ्यात निघालं: गम नाही.
शेजारच्या खाटेवर बोगी, एकोणीस वर्षांचा, क्रोनचा आजार,
त्याला गम. पुदिन्याचा.

पहिल्या सकाळी विचारलं.
हेर्गाइरनं मान हलवली. मी रकाना सोडून दिला.
"रिकामा नको," तो म्हणाला, "शून्य लिहा.
रिकामा म्हणजे कुणी बघितलंच नाही.
शून्य म्हणजे बघितलं,
आणि वारा पडला होता."

वीस वर्षं फॉर्म भरतेय,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शून्य, शून्य, शून्य.
हिरवी ओकारी, अर्धा लिटर. तिलाही रकाना आहे.
मुलगी आली क्लाक्स्विकहून, समुद्राखालच्या बोगद्यातून,
ओल्या कोटासकट दारातच उभी.
"काही आणू का बाबा?"
"वारा."
दोघं हसली, तो टाक्यांवर हात दाबून.

तिसऱ्या रात्री बाहेर नुसतं थैमान,
फेऱ्या बंद, पार्किंगमधला कचऱ्याचा डबा
कुठल्या कुठे.
सकाळी सहाला गेले तर हेर्गाइर उठून बसलेला.
"चार वाजून दहा मिनिटं. नैर्ऋत्येकडून, मंद.
एक झुळूक, मग दुसरी."
मी हसत लिहायला घेतलं.
"थांबा. त्याआधीचं लिहा.
दोन वाजता बोगीनं गम दिला. मी चघळला.
पंचवीस मिनिटं."

शेजारच्या खाटेवर पांघरूण डोक्यापर्यंत.

फॉर्मवर यासाठीही ओळ आहे:
नियमभंग. कारण.
"कारण?"
तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला.
"पोराला झोप नव्हती. पिशवी लावावी लागेल का,
मुली काय म्हणतील, असलं काहीबाही.
एकट्यानं चघळायला त्याला कसंतरी वाटत होतं."

ओळीत मावेना, म्हणून मी लिहिलं: शेजारी.

आता तो वारा गमचा, की तिसऱ्या दिवसाचा,
की आदल्या दुपारच्या हसण्याचा,
ते कधीच कळणार नाही.
डॉक्टर सोलरुन म्हणाल्या, गट बदलायचा नाही.
जो ज्या लिफाफ्यातून आला, तो त्याच घरचा.
म्हणजे हेर्गाइर 'गम नाही'मध्येच राहील,
तोंडाला पुदिन्याचा वास असून.

निकालाला दोन वर्षं आहेत.
कपाटात अजून एकशे बारा लिफाफे.
फरक निघेल काही तासांचा, किंवा तोही नाही,
आणि मग ते शून्य आम्ही नीट अक्षरात छापू.

आज नऊ नंबरच्या खाटेवर नवी बाई आली.
मेंढ्या आहेत तिच्या, उत्तरेच्या बेटावर.
माझा प्रश्न ऐकून लाजली, मग चिडली,
मग भिंतीकडे वळली.
रात्री दहाला परत विचारेन.
तोवर, दुपारी दोन:
०