सोपी चूक

आमच्या कीबोर्डावर 'तऱ्हा' लिहिलं
की 'तर्हा' उमटतं.
दुरुस्ती एका ओळीची. माझ्या हाताला दोन मिनिटं.
अकरा आठवडे मी ती केलेली नाही.

धुळ्याच्या एक बाई दर सोमवारी विचारतात,
झालं का हो?
मी लिहितो, होईल. कुणीतरी येतंय.

कोण, ते मलाही ठाऊक नसतं.
वीज कंपनीतून सुटून, जेवून, साडेदहानंतर
लोकमान्यनगरच्या गॅलरीत बसून
मी हे सगळं फुकट सांभाळतो.
बायको म्हणते, फुकट कसलं? झोप जाते ना.

मागच्या वर्षी वाणी धारकर नावाची मुलगी आली होती.
तिचा पहिलाच कोड. चालत होता,
फक्त मांडणी आमच्यासारखी नव्हती.
मी सतरा दिवसांनी उत्तर दिलं:
आधी नियम वाचा.
तीन शब्द. एकही खोटा नव्हता.
ती परत आली नाही.
भांडली असती तरी चाललं असतं.

म्हणून ही चूक राखून ठेवली.
शेजारी लिहिलं, नव्यांसाठी.
कुठली फाइल, कितवी ओळ, अडलात तर कुणाला विचारायचं,
आणि खाली माझा फोन नंबर.

फाल्गुनात राऊहून लोकेंद्र आला.
डिप्लोमाचं दुसरं वर्ष, बापाचं पंक्चरचं दुकान,
घरी माळवी.
"भिया, ये अक्षर सच में होता है?"
मी फोनवर म्हणून दाखवलं:
तऱ्हा. बिऱ्हाड. कुऱ्हाड.
तोही म्हणत राहिला, मागे कंप्रेसर धडधडत.

चारदा चुकला.
पाचव्यांदा माझी बोटं कीबोर्डावर गेलीच होती.
उचलली. विचारलं,
दुकानात भोक कसं सापडतं रे?
ट्यूब पाण्यात दाबायची, म्हणाला,
जरा जरा फिरवायची,
बुडबुडा येईपर्यंत.
मग गप्प झाला.
मग कंप्रेसरही.

रात्री एकला त्याची ओळ आली.
मी जागाच होतो.

धुळ्याच्या बाईंनी त्याला लिहिलं,
तुझी तऱ्हाच न्यारी, पोरा!
त्याने मला विचारलं, ये तारीफ है या डाँट?

परवा आणखी एक सोपी चूक सापडली.
मी हात घालणार, तेवढ्यात त्याचा निरोप:
"रहने दो, भिया. कोई आएगा."

वाणी धारकरला पत्र लिहायला घेतलंय.
ते तीन शब्द खोडलेत.
चौथा सुचत नाही.