डिकीतलं वजन

बाबांची झिगुली एकोणऐंशीची, बदामी.
माझी मर्सिडीज एक्क्याण्णवची, जर्मनीहून आलेली,
मागच्या काचेवर अजून
कासेलच्या कुण्या दातांच्या डॉक्टरचं स्टिकर.
ओनीच्या या चढावर दोघी नाकाला नाक लावून उभ्या.
शेजारचा गोदेर्दी विचारतो, दोघींत चांगली कुठली?
मी म्हणते, आधी बर्फ पडू दे.

झिगुलीचा चोक ओढावा लागतो, दोन शब्द बोलावे लागतात,
तरी ऐकलं नाही तर पुढून हँडल.
त्या हँडलनं बाबांचा अंगठा एकदा मोडला.
तेव्हापासून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून
ते सगळं धरायचे:
कुऱ्हाड, वाइनचा पेला, माझा हात.

वीज नसायची त्या हिवाळ्यांत
तिची बॅटरी रात्री घरात यायची.
मी अकरा वर्षांची,
बारा व्होल्टच्या पिवळ्या बल्बखाली भागाकार शिकले.
बाकी उरायचीच.
सकाळी बॅटरी परत गाडीत, आणि गाडी उतारावरून ढकलत.

माझ्या गाडीला वायपर एकच.
काच पुसता पुसता तो कोपऱ्याकडे झेप घेतो,
काहीतरी राहून गेल्यासारखा.
दार लागतं ते फ्रीजच्या दारासारखं.
बाबा म्हणाले होते, "हिला आपली गरज नाही."

दोघीही ओढत नाहीत, रेटतात.
पुढची चाकं नुसती वाट दाखवतात,
कष्ट मागे, नजरेआड.

वालेरिकोमामा गेला त्या जानेवारीत
झिगुली बटाट्याची पोती घेऊन
खोकत, शिव्या घालत वर पोचली.
माझी खाली अडकली.
चाकं गरगर, इंजिन सभ्य,
आणि आम्ही तिथल्या तिथे.

बाबा चालत खाली आले.
काही बोलले नाहीत. डिकी उघडली, स्टेपनी सरकवली,
मयताच्या काळ्या कोटासकट आत बसले,
गुडघे छातीशी.
आरशात नुसतं वर उघडलेलं झाकण,
आणि झाकणामागून आवाज:
"दुसऱ्या गिअरवर. हळू. अगं, हळू!"
चढलो.

यंदा मी वाण्याच्या काट्यावर
अडुसष्ट किलो भरून घेतले,
एक पोतं बटाटे, वर थोडे अक्रोड.
गाडी चढते, नाही असं नाही.
वळणावर पोतं एका बाजूला कलतं,
ते मात्र कधी कलायचे नाहीत.

गोदेर्दी म्हणतो, झेस्तापोनीचा एक जण
झिगुलीला बरे पैसे देईल.
देईलही.
बॅटरी मी काढून आत आणली आहे,
शेगडीपासून जरा दूर, जुन्या पोत्यावर.
वीज आता सहसा जात नाही.