पहिले पाचशे

डिसेंबर. खडकी बाजारात सकाळी सातला
सगळे कानटोप्यांत,
बहिरट तेवढे बंडीवर.
माझ्या नव्या स्कूटरला त्यांनी एक चक्कर मारली,
हँडलचा झेंडूचा हार काढून खिडकीत ठेवला.
"केबलीत अडकतो. देवाला कळतं ते."

मग म्हणाले, पहिले पाचशे, चाळीसच्या वर नाही.
आणि चाळीसलाच चिकटून बसायचं नाही.
तीस, छत्तीस, परत अठ्ठावीस.
एकाच सुरात चालवली की एकाच सुराची होते,
मग चढावर रडते.
उभ्या उभ्या रेस करायची नाही.
पोरं करतात, इंजिन बापाचं असतं.

मी जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून घेत होते.
याआधीच्या दोन गाड्यांचे हप्ते मी भरले,
आरसीवर नाव दुसऱ्याचं.
हे त्यांना सांगितलं नाही.
त्यांनी नट आवळता आवळता
न विचारलेलं दुसरंच काही सांगितलं.

"वर असताना माझ्याकडे बर्फाच्या स्कूटरी होत्या.
मागे चाक नाही, पट्टा. पुढे दोन फळ्या.
नवीन आली की पहिल्या टाकीत ऑइल जास्त घालायचं,
धूर होतो, होऊ दे.
प्लग काढून रात्री कोटाच्या आत, पोटाशी.
बायको फोनवर म्हणायची, जेवलात का?
मी म्हणायचो, प्लग गरम आहेत.
सकाळी आधी मागची बाजू घोडीवर चढवायची,
पट्टा हवेत फिरवायचा, गोठलेलं झडू द्यायचं,
मगच खाली.
पन्नास किलोमीटर झाले की सगळे बोल्ट परत,
पट्ट्याचा ताण परत.
आणि कडक बर्फावर पळवायची नाही,
भुसभुशीत उडाला तरच खालची पट्टी गार राहते.
बर्फातसुद्धा मशीन तापतं, बाई.
इथं कुणाला पटत नाही."

पहिल्या सर्व्हिसला ऑइल करडं निघालं,
पत्र्याच्या ताटलीत, उन्हात,
त्यात बारीक चमचम.
मी म्हटलं, झिजली की हो.
"झिजली म्हणा. आम्ही बसली म्हणतो."

ताटली हलवत ते बराच वेळ त्यात बघत राहिले.
"एक आलं होतं, अंगावर प्लॅस्टिक तसंच.
दुसऱ्याच दिवशी वरच्या चौकीतून पोरगा आणायचा होता,
फुप्फुसात पाणी भरलेलं.
बाकीची दोन्ही बंद.
बावीस किलोमीटर. मीच म्हटलं, पिळ.
तळ दिसत होता, दोनशे पावलं राहिली,
तिथं पिस्टन धरला.
पोराला आम्ही खांद्यावर आणला.
लातूरला असतो आता, दिवाळीला फोन करतो.
मशीन तिथंच.
नंबर सांगू त्याचा?"
आणि सांगितला, सात आकडी,
न अडखळता,
मग ताटली डब्यात उपडी केली
आणि माझ्याकडून एकशे ऐंशी रुपये कमी घेतले.
का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

तेव्हापासून होळकर पुलावर मी चौतिसाची.
बस पुढे, टेम्पो पुढे,
उसाच्या रसाचं गुऱ्हाळ ओढणारी रिक्षासुद्धा पुढे.
"काकू, ढकलू का?"
ढकल, म्हटलं, पण चाळीसच्या वर नको.
सूसच्या चढावर ती एकदा धापली,
मी मूठ सोडली, ती सावरली,
आम्ही दोघी वर पोचलो
तेव्हा दुधाच्या गाड्या खाली उतरत होत्या.

रात्री इमारतीच्या खाली लावून
मी जरा वेळ तिथंच थांबते.
टक्, टक्, गार होत जाणारा पत्रा.
हात ठेवला तर अजून कोमट,
हिवाळ्यात बरं वाटतं.
वॉचमन वाघमोडे विचारतो, काय बिघडलं?

पाचशेवा किलोमीटर कुठे झाला ते कळलंच नाही.
बोपोडीच्या सिग्नलला खाली बघितलं तर पाचशे तीन.
मागून हॉर्न, अजून लाल असताना.
मी पाय टेकून बसले होते,
इंजिन आपलं आपण
हळू बोलत होतं.